फेवरलुबा: मुंबईच्या बाजारपेठेतून समुद्राच्या खोलीकडे

मराठवाड्यातील एखाद्या जुन्या घरात, कपाटाच्या खणात, 'फेवरलुबा' नावाचे चावीचे घड्याळ आजही सापडते. त्याच नावाची पाणबुड्यांसाठीची नवी यांत्रिक घड्याळे आता लाखांच्या घरात विकली जातात आणि जाहिरातीत 'परंपरा' हा शब्द हमखास असतो. या धाग्यात त्या परंपरेची जरा झडती घेऊ.

पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रूढ झाले ते प्रामुख्याने युद्धामुळे. खंदकात किंवा घोड्यावर असताना खिशातले घड्याळ काढायला सवड कुठली? या इतिहासाचे एक टोक आपल्या शहराजवळून जाते. १८८६ मध्ये मुंबईत स्विस व्यापाऱ्यांनी 'वेस्ट एंड वॉच कंपनी'चा पाया घातला. हिंदुस्थानातील सैनिक आणि रेल्वे कर्मचारी हे तिचे मोठे गिऱ्हाईक. तिच्या सर्वांत गाजलेल्या घड्याळाचे नाव होते 'सोवार', म्हणजे आपला स्वार! जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील स्वारांनीच बंड पुकारले होते. त्याच कंटिन्जंटच्या घोडदळातून पुढे 'डेक्कन हॉर्स' उभी राहिली आणि १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर, हाय वुडजवळ भाले सरसावून चालून गेली. त्या स्वारांच्या मनगटावर 'सोवार' होते, असे कुणी सांगितले तर मात्र पुरावा अवश्य मागावा. घड्याळांच्या इतिहासात अशा गोड कथा फार.

पाण्याखालच्या घड्याळाची गरजही सैन्यानेच तीव्र केली. १९५३ मध्ये ब्लांपां या स्विस कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' आले, ते फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी घातलेल्या अटी ध्यानात घेऊन. काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठळक काटे आणि भोवतीचे फिरते कडे. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली, की पाण्याखाली किती मिनिटे गेली ते एका दृष्टिक्षेपात कळते. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरणारे करण्याची रीत पडली; धक्का लागून ते सरकले, तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा, कमी नव्हे. टाकीतली हवा मोजकी असताना हा फरक जिवावरचा असतो.

आता मूळ कथेकडे. फाव्र-लुबा (हा मूळ उच्चार, आपण त्याचे 'फेवरलुबा' केले) ही स्वित्झर्लंडच्या ल लॉक्ल गावची. आब्राम फाव्र याचा घड्याळजी म्हणून उल्लेख १७३७ च्या कागदात मिळतो. १८६५ मध्ये फ्रित्झ फाव्र हिंदुस्थानात आला आणि मुंबईत कंपनीचे बस्तान बसले. पुढील शंभर वर्षे ही बाजारपेठ कंपनीचा एक मोठा आधार राहिली. 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. ही नावे समुद्राची असली, तरी ती घालणारे बहुतेक जण कचेरीत आणि शाळेत जात.

खऱ्या पाण्यातले काम वेगळ्या घड्याळांनी केले. १९६४ मध्ये २०० मीटरपर्यंतचे 'डीप ब्लू' आले. त्यानंतर आलेले 'बॅथी' तर वेळेबरोबर खोलीही दाखवी. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. 'बॅथी'च्या पाठीला छिद्रे होती. त्यांतून आत आलेले पाणी धातूच्या पातळ पडद्यावर दाब देई आणि पडद्याची ती किंचितशी हालचाल काट्यापर्यंत पोहोचे. ना बॅटरी, ना विजेचा तुकडा. मोजमाप ५० मीटरपर्यंतच. पण केवळ लष्करी रंगाचा पट्टा लावून मिरवणाऱ्या घड्याळांपेक्षा मला हे कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते.

पुढे क्वार्ट्झची लाट आली आणि १९८० च्या दशकात कंपनी मूळ घराण्याच्या हातून गेली. २०११ मध्ये ती टाटांच्या टायटनने घेतली आणि २०२३ मध्ये इथॉस या भारतीय घड्याळविक्री कंपनीच्या समूहाकडे आली. ज्या देशाने तिला शंभर वर्षे गिऱ्हाईक पुरवले, तिथेच अखेर मालकी आली.

राहता राहिले कपाटातले घड्याळ. ते साधन म्हणून वाचायचे, तर आधी तबकडीवर संशय घ्या. जुन्या तबकड्या पुन्हा रंगवून विकण्याचा धंदा मुंबईत जोरात चालला; संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अक्षरे जाड, मिनिटांच्या रेघा काट्याशी न जुळणाऱ्या, रंग वयाच्या मानाने फार ताजा, असे असेल तर सावध व्हावे. खरी साक्ष आतल्या यंत्रावरच्या आणि कवचावरच्या खुणांत असते. पण जुन्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले दिसले, तर ते घरी उघडू नका: तो लेप रेडियमचा असू शकतो, आणि त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग शतकानुशतके टिकतो.