खांदमळण, मुक्काम बर्लिन

पंधरा ऑगस्ट, पण झेंडावंदन नाही. साल 1936 आहे, स्वातंत्र्याला अजून अकरा वर्षं अवकाश आहे, आणि तुम्ही बर्लिनमध्ये आहात.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाबरोबर तुम्ही आला आहात. वैद्य बंधूंनी, अनंतरावांनी आणि अंबादासपंतांनी, 1914 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या मातीत तुमचं अंग घडलं. पथकाचे प्रमुख डॉ. सिद्धनाथ काणे. बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा मूर्तिजापूर, अकोला, शेगाव अशी ओळखीची स्टेशनं मागे पडत गेली आणि खिडकीतून काळं रान दिसत राहिलं. मग मुंबईचा धक्का, पुढे कितीतरी दिवस नुसतं पाणी, आणि त्यानंतर हे दगडी स्टेडियम.

इथे ऑलिम्पिकसाठी 49 देशांचे खेळाडू जमले आहेत. तुमचा खेळ स्पर्धेत नाही. तुम्ही हुतूतू, खो-खो आणि मल्लखांब जगाला दाखवायला आला आहात. एका श्वासात समोरच्या अंगणात शिरून गडी बाद करून परतणारा माणूस पाहिला की परके प्रेक्षक उठून उभे राहतात. मल्लखांबावर तुम्ही उलटे होता, मांडीची पकड बसते, हात सुटतात, तेव्हा क्षणभर सगळं चिडीचूप असतं. तुम्हाला मात्र ऐकू येते ती आखाड्यातल्या उस्तादांची हाक.

शहरात जिकडे पाहावं तिकडे लाल कापडावर काळं स्वस्तिक. घरी आई उंबऱ्यावर कुंकवाने काढते ते चिन्ह इथे तिरकं करून भिंतीभिंतीवर टांगलं आहे, आणि त्याच्याकडे पाहून काही माणसं मान खाली घालून झपाझप निघून जातात. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारा कायदा गेल्या सप्टेंबरातच झाला आहे. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या तेवढ्या उतरवल्या आहेत. या शहराने तुमचं कौतुक केलं, तरी त्याच्या मनात काय शिजतंय ते तुमच्या पाठीच्या कण्याला कळतं.

आणि तुमचा झेंडा कोणता? तुमचा वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा. 1902 च्या करारापासून वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमचा इंग्रजांच्या ताब्यात आहे. ध्यानचंदांच्या संघाने आज हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. तुम्हाला अजून ठाऊक नाही, पण सामन्याआधी त्या खेळाडूंनी कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून, तिरंग्याला वंदन केलं आहे.

दुपारचे दोन वाजून गेले. वऱ्हाडात आत्ता दिवेलागण झाली असेल. शेजारी बसलेला दर्यापूरकडचा पोरगा बराच वेळ बोटं मोजतोय. मग म्हणतो, ‘‘अबे, उद्या पोळा हाय. आज खांदमळण.’’

तेवढ्या शब्दांनी बर्लिन पुसलं जातं. त्या वर्षी पोळ्याची, श्रावणातली अमावास्या नेमकी ऑलिम्पिक संपता संपता आली आहे. गावाकडे बैल नदीवरून धुऊन आणले असतील. बाबा हळद आणि लोण्याने बैलाचा खांदा मळत असतील, पळसाच्या पानांनी शेकत असतील. पेरणीपासून डवरणीपर्यंत जू वाहून चामडी जिथे राठ होते, नेमकी तीच जागा. मग बैलाच्या कानाशी वाकून ते आवतण देतील: आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. उद्या शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. आखरावर, गावाजवळच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणणाऱ्यांची चढाओढ, मग तोरण तुटतं, पोळा फुटतो. दारी आलेल्या जोडीचे पाय बाया धुतात, पुरणपोळी भरवतात, आणि बैल फिरवणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे मानाचे पैसे, पडतो.

इथे यातलं काय आहे? बैल नाही, वेस नाही, पळसाचं पान नाही. एक बाटली मात्र आहे. मल्लखांब गुळगुळीत राहावा म्हणून चोळायचं एरंडेल.

तुम्ही ते तळहातावर घेता. कुणीतरी ट्रंकेतून हळदीची पुडी काढतो. मुरगळीवर लावायला आईने दिलेली. तुम्ही त्या पोराला पाठमोरं बसवता आणि त्याचे खांदे मळायला लागता. माणसांच्या मनोऱ्यात तो सगळ्यात खाली असतो. त्याच्या खांद्यावर रोज दोन पायांच्या टाचा रुततात, वरच्यासाठी टाळ्या वाजतात, आणि खालचा कुणाच्या लक्षात राहत नाही. उजव्या खांद्यावर घट्टा पडला आहे. अंगठ्याखाली तो तुम्हाला लागतो: कडक, उष्ण, बैलाच्या खांद्यावरच्या चामडीसारखाच. तो काही बोलत नाही. मग तो उठतो, तुम्हाला खाली बसवतो आणि त्याचे हात तुमच्या खांद्यावर येतात. एकेक करून सगळे येतात.

दुसऱ्या दिवशी स्टेडियममध्ये समारोप असतो आणि तुम्ही मनातल्या मनात तोरणाखालून जाता.

आता परत आजच्या काळात या. तुम्ही रॉटरडॅमला आहात, डॅलसला आहात, सिंगापूरला आहात. घर अकोल्याकडे, नाहीतर अचलपुराकडे. परदेशात मराठी सण रुजवायला आपण कधीच कमी पडलो नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभं आहे. गणपती विमानाने जातो, फराळाची पार्सलं जातात, दिवाळीला भाड्याचा हॉल मिळतो. पोळा मात्र मागे राहतो. त्याला मूर्ती नाही की मंडप नाही. त्याला लागतो कामाने थकलेला एक जिवंत जीव आणि त्याच्या ऋणाची जाणीव.

म्हणूनच मला वाटतं, परदेशात राहून जर एकच सण मनापासून पाळायचा असेल तर तो पोळा असावा. बाकीचे सण आपल्याला आपण कोण आहोत ते सांगतात. आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत, हे पोळा विचारतो. आणि घरापासून दूर, स्वतःच्या हिमतीवर पोचल्यासारखं वाटत असताना, हा प्रश्न सगळ्यात जास्त गरजेचा असतो. तुमच्या शिक्षणाची फी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या पैशातून गेली असेल, तर ती पऱ्हाटी कुणी डवरली? बाबांनी, बैलांनी आणि शेतावर सालाने राबणाऱ्या सालदाराने. त्या सालदाराचं पोरगं तुमच्याच वयाचं होतं.

गोठ्यात आता जोडी नसेल, ट्रॅक्टर उभा असेल, तरी राबणारी माणसं आहेतच. यंदा श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन लावा. आईशी बोला, बाबांशी बोला, आणि मग म्हणा, फोन काकांना द्या. ज्यांनी तुम्हाला लहानपणी बंडीत बसवून शेतात नेलं, त्या सालदारकाकांना. त्यांचा खांदा दुखतो का ते विचारा. पोरं काय करतात ते विचारा. उद्या आमच्या घरी जेवायला या, असं आवतण तुमच्या तोंडून द्या, आणि बोजारा त्यांच्या खात्यावर पाठवा. लाजेकाजेस्तव पाठवायची रक्कम नको, तुमच्या एका दिवसाच्या पगाराएवढा पाठवा. आणि तुमच्या परदेशातल्या कचेरीत रात्री फरशी पुसायला जो माणूस येतो, त्याचं नाव अजून ठाऊक नसेल, तर त्याच दिवशी ते विचारून घ्या.