दौत घरची, शाई कोणाची?

श्रोतेहो, नांदेड जिल्ह्यातील आमच्या कंधारास राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकातील, एक शिलालेख सापडलेला आहे. त्या लेखास शाई लागली नाही. छिन्नी आणि हातोडा एवढ्यावर काम भागले. परंतु दगडावर लिहिणे राजांसच परवडते. सामान्य गृहस्थास आपला जमाखर्च, पत्रे आणि खतेपत्रे कागदावरच लिहावी लागतात. कागद म्हटला की शाई आली, आणि शाई म्हटली की ती संपणेही आले. संपलेली शाई पुन्हा भरावयाची ती कोणी, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि घरोघरी आलेल्या छापयंत्रामुळे, ज्यास आपण प्रिंटर म्हणतो त्यामुळे, त्यास आज मोठेच महत्त्व आले आहे. त्याचाच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. आपला जुना शब्द मसी. शाई हा शब्द फारसी ‘सियाही’पासून आला, त्याचा अर्थ काळेपणा. तेव्हा निळी शाई म्हणजे शब्दशः निळा काळेपणा! पण या विनोदात इतिहास दडलेला आहे. कारण शतकानुशतके शाई काळीच असे. तेलाचा दिवा लावून त्यावर पालथे भांडे धरावयाचे, जमलेले काजळ डिंकाच्या पाण्यात घालावयाचे आणि कित्येक तास खलावयाचे, ही तिची साधी कृती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. तेथे निरनिराळ्या बरूंबरोबर हिंगूळ आणि मसी यांचाही संग्रह करावयास त्यांनी सांगितले आहे. लिहिणाराने आपले साहित्य आपल्या हाती ठेवावे, हा त्यातील व्यवहार आपण विसरता कामा नये.

काजळाच्या शाईचा गुण असा की ती उन्हाने फिकी पडत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आजही अभ्यासकांस वाचता येतात, याचे श्रेय कागदाइतकेच काजळासही आहे. तिचा दोष असा की ती कागदाच्या पृष्ठभागावर बसते; पाणी लागले तर पुसट होते. युरोपात याहून निराळी रीत होती. तेथे हिराकस आणि माजूफळ यांच्या संयोगाने शाई करीत. ती लिहिताना फिकट दिसे, हवेने काळी होई व कागदाच्या तंतूंत शिरे. पण तिच्यातील आम्लाने कालांतराने कागदच खाल्ला जाई. तात्पर्य, सर्वगुणसंपन्न शाई कधीच नव्हती. कोणता कागद किती वर्षे टिकवावयाचा आहे, हे पाहूनच शाई निवडावी लागे.

पुढे कारखान्यांचा काळ आला. मुंबईस दांडेकर यांनी १९३१ साली शाईची पूड व वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. त्या मालावर घोड्याची मुद्रा होती. मागाहून उंटाची आली आणि ‘कॅमल’ हे नाव महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत पोहोचले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, वडी कारखान्याची असली तरी पाणी घरचे, दौत घरची आणि भरणारा हातही घरचाच होता. कारखान्याने श्रम वाचविले. दौतीवरील धन्याचा अधिकार घेतला नाही.

हा अधिकार हळूहळू कमी झाला तो भांडे बंद झाल्यामुळे. शाईचे भांडे लेखणीच्या पोटात गेले व फाउंटन पेन झाले. तरी ते बाटलीतून भरता येई. १९३६ च्या सुमारास फ्रान्समध्ये पेनासाठी काचेची तयार नळी निघाली: संपली की फेकावयाची आणि दुसरी घालावयाची. तिचे नाव कार्ट्रिज. आपणांस हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्या ‘काडतूस’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. काडतूस आपल्याकडे पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आले, आणि दोहोंच्या मुळाशी कागदाची सुरळी हाच अर्थ आहे. एका सुरळीत दारू भरली, दुसरीच्या नावाखाली शाई!

आता छापयंत्राकडे येऊ. शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवून अक्षर उमटविण्याची कल्पना बरीच जुनी. ती घरगुती झाली उष्णतेच्या युक्तीने. जपानातील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली डाखणी शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली आणि सुईतून शाई उडाली, अशी हकिकत ती कंपनी स्वतः सांगते. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीही स्वतंत्रपणे त्याच मार्गाने गेली व १९८४ साली तिने ‘थिंकजेट’ हे यंत्र बाजारात आणले. क्षणार्धात तापणाऱ्या तुकड्यामुळे शाईत बुडबुडा उठतो आणि तो थेंबास बाहेर ढकलतो, हे त्याचे मर्म. या यंत्रात शाईचे भांडे आणि थेंब उडविणारे तोंड एकत्र होते, व शाई संपताच दोन्ही टाकून द्यावयाची होती.

येथून व्यापाराचे गणित पालटले. यंत्र स्वस्त द्यावयाचे आणि नफा शाईत काढावयाचा. कित्येक साध्या कार्ट्रिजमध्ये दहा मिलिलिटरही शाई नसते. आणि यंत्राच्या किमतीशी ताडून पाहिले तर दोनचार कार्ट्रिजांतच गृहस्थाचे डोळे उघडतात. मग जे व्हावयाचे ते झाले. लोकांनी औषधाची पिचकारी उचलली, कार्ट्रिजवरील चिठ्ठी सोलली, खालच्या भोकातून सुई घातली आणि दौत पुन्हा भरली. ज्या पिचकारीतून ही विद्या निघाल्याची कथा आहे, त्याच पिचकारीने लोकांनी तिचे कुलूप उघडले!

कारखानदारांनी उलट डाव टाकला. कार्ट्रिजवर लहानशी चकती बसविली; ती ओळख पटल्यावाचून यंत्र चालेना. हा झगडा न्यायालयांपर्यंत गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो. घेणाराने ती पुन्हा भरली म्हणून पेटंटभंगाचा दावा लावता येत नाही. खटला पुडीच्या, म्हणजे लेझर यंत्राच्या, कार्ट्रिजचा होता. तत्त्व मात्र दौतीचेच. २०२० साली इटलीतील स्पर्धानियामक संस्थेने ह्यूलेट-पॅकार्डला एक कोटी युरो दंड केला. कारण यंत्र परकी कार्ट्रिजे नाकारील ही गोष्ट ग्राहकांस स्पष्ट सांगितली नव्हती.

परंतु न्यायालयांपेक्षा प्रभावी ठरला तो सामान्य लोकांचा हात. इंडोनेशियात छापयंत्रास बाहेरून शाईच्या टाक्या व नळ्या जोडण्याची रीतच पडली होती. एप्सन कंपनीने ती ओळखून २०१० साली त्याच देशात स्वतःच टाकीचे यंत्र काढले. आपल्याकडेही अशी यंत्रे आली. त्यांची सत्तर मिलिलिटरची बाटली कोणीही ओतावी आणि झाकण लावावे. धन्याचा अधिकार असा परत आला.

ज्यांच्याकडे जुने कार्ट्रिजचे यंत्र आहे, त्यांस चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. शाई त्याच यंत्रास योग्य अशी घ्यावी. पेनाची शाई त्यात कदापि घालू नये. तीन रंगांच्या कार्ट्रिजमध्ये कोणत्या कप्प्यात कोणता रंग, याची खात्री करून मगच सुई घालावी. शाई अगदी सावकाश सोडावी; आतील स्पंजास ती शोषावयास वेळ लागतो, आणि अधिक भरल्यास ती गळून रंग एकमेकांत मिसळतात. शेवटचे, कार्ट्रिज कोरडे ठणठणीत होईपर्यंत थांबू नये. तापणाऱ्या तोंडास शाईच थंड ठेवते, ती नसेल तर तोंड जळते.

याहून महत्त्वाची सूचना निराळीच आहे. छापयंत्राच्या शाईचे दोन वर्ग आहेत: एकीत रंग विरघळलेला असतो, दुसरीत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पहिली चित्रांस शोभा देते, पण पाण्याने पसरते व प्रकाशाने विटते. दुसरी त्या मानाने टिकाऊ. काळ्या कणांच्या शाईत बहुधा कार्बनच असतो, म्हणजे आपले काजळ! स्वस्त मिळाली म्हणून कोणतीही शाई भरून मुलाची गुणपत्रिका, शेताचा उतारा किंवा करारनामा छापून घेतला, आणि पावसाच्या चार थेंबांनी त्यातील नाव पसरले, तर वाचविलेल्या पैशाचा उपयोग काय? पूर्वीचा कारकून जो विचार दौतीपाशी करीत असे, तोच आपणांस यंत्रापाशी करावयाचा आहे.

श्रोतेहो, दौत स्वतः भरण्यात केवळ काटकसर नाही. ज्या घरात शाई विकत घेण्याच्या भीतीने कागद छापावयाचा राहतो, त्या घरातील विद्यार्थ्याचे लिहिणेवाचणेही तेवढे आखडते. म्हणून नवे यंत्र घेताना त्याची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: याची शाई संपली तर ती मला भरता येईल काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच त्या यंत्राचे धनी आपण, असे समजावे.