ओडेसा उलटं वाचलं तर

पाच कवी, पाच जहाजं. इव्हान फ्रँको, तारास शेवचेंको, अलेक्सांद्र पुश्किन, शोता रुस्तावेली आणि मिखाईल लेर्मोंतोव्ह. दोन युक्रेनी, दोन रशियन, एक जॉर्जियन. १९६४ ते १९७२ या काळात पूर्व जर्मनीतल्या विस्मार इथल्या गोदीत सोव्हिएत संघासाठी ही पाचही प्रवासी जहाजं एकाच आराखड्यावर बांधली गेली. लांबी सुमारे १७६ मीटर, क्षमता सुमारे २० हजार टन (जहाजांच्या हिशोबातला हा टन वजनाचा नसतो, आतल्या जागेचा असतो, मला हे कळायला बराच वेळ लागला), आणि बर्फातून वाट काढता यावी म्हणून मजबूत केलेला सांगाडा. जहाजाला कवीचं नाव देणाऱ्या देशाबद्दल मला कुतूहल आहे. आपण फार तर नाट्यगृहाला देतो.

मी नाशिकचा, समुद्र इथून चार-पाच तासांवर. तरी सोव्हिएत वस्तू आमच्याकडे परक्या नाहीत. आजोबा ओझरच्या एचएएलमध्ये होते. साठच्या दशकात तिथे मिग-२१ बनू लागली आणि रशियन तंत्रज्ञ गावात दिसू लागले. आमच्या कपाटात मीर आणि प्रगती प्रकाशनाची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तकं अजून आहेत. रशियन यंत्राबद्दल आजोबांचं मत ठरलेलं असे: "दिसायला ओबडधोबड, पण मोडायला जड." या जहाजांना ते पूर्वार्धात लागू पडत नाही, उत्तरार्धात मात्र चपखल बसतं.

पुश्किन १९६६पासून लेनिनग्राड ते माँट्रियल धावू लागलं. पण अटलांटिक पार करणारा प्रवासी तोवर विमानात बसला होता. जगभरच्या जहाज कंपन्यांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता, या रिकाम्या खोल्यांचं करायचं काय? उत्तर होतं क्रूझ, म्हणजे कुठे पोहोचायचं नाही, नुसतं फिरायचं. सोव्हिएत संघाला त्यात आणखी एक फायदा दिसला. रूबल देशाबाहेर चालत नसे. परदेशातून यंत्रं घ्यायची तर डॉलर किंवा जर्मन मार्क हवेत. मग ओडेसाच्या ब्लॅक सी शिपिंग कंपनीने आपली जहाजं पश्चिम जर्मन आणि ब्रिटिश पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिली. साम्यवादी देशाचे खलाशी भूमध्य समुद्रात भांडवलशाही देशांतल्या निवृत्त शिक्षकांना जेवण वाढू लागले. तिकीट स्वस्त, कारण पगार मार्कात द्यायचे नव्हते.

१९७५-७६मध्ये फिनलंडच्या तुर्कू गोदीत आणखी पाच जहाजं बांधून घेतली: बेलोरुसिया, ग्रुझिया, अझरबैजान, कझाकस्तान, कारेलिया. या वेळी नावं कवींची नाहीत, प्रजासत्ताकांची. मुळात ही गाड्या वाहून नेणारी फेरी जहाजं. पुढे गाड्यांच्या मजल्याच्या जागी खोल्या काढल्या. कारेलियाचं नाव १९८२मध्ये 'लिओनिद ब्रेझनेव्ह' झालं आणि काही वर्षांनी पुन्हा कारेलिया. देशाचं राजकारण समजून घ्यायला जहाजाच्या नाकाडावरचा रंग पुरेसा होता.

मग १९९१ आलं. यादीतल्या नावांपैकी काही आता स्वतंत्र देश होते. जहाजं कोणाची? ओडेसा युक्रेनमध्ये, म्हणून ब्लॅक सी कंपनीचा ताफा युक्रेनकडे आला. शेकडो जहाजांचा हा ताफा जगातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक होता. दहाएक वर्षांत तो जवळजवळ संपला. जहाजं परदेशी झेंड्यांखाली नोंदवली गेली, कर्जापोटी गहाण पडली, विकली गेली. इंधनाचे, दुरुस्तीचे, बंदराचे पैसे थकले की जहाज तिथेच 'अटक' होतं. सागरी कायद्यात जहाजालाही अटक होते. कंपनीच्या गावाचंच नाव असलेलं 'ओडेसा' हे क्रूझ जहाज १९९५मध्ये नेपल्सला असं अडकलं आणि २००२मध्ये लिलाव होईपर्यंत तिथेच राहिलं. कॅप्टन व्लादिमिर लोबानोव्ह आणि मोजके खलाशी पगाराविना त्यावर थांबून होते. सोडून गेलं तर थकलेल्या पगारावरचा हक्कही जाईल, ही भीती. सरकारी मालमत्ता कोणी पळवली यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या सात वर्षांत बोटीवर दिवस कसा उजाडत असेल याचा विचार जास्त छळतो.

रुस्तावेलीचं काय झालं? २०००मध्ये विकलं गेलं आणि नाव पडलं 'असेडो'. रोमन लिपीत ओडेसा उलटं लिहा, असेडो होतं. २००३मध्ये ते गुजरातेत अलंगला तोडलं. फ्रँकोचं शेवटच्या प्रवासात नुसतं 'फ्रँक' झालं, तेही १९९७मध्ये अलंगलाच. शेवचेंकोचं 'तारा' झालं. भंगारात जाणाऱ्या जहाजाचं नाव बदलताना थोडी अक्षरं रंगाने झाकली की भागतं. लेर्मोंतोव्ह यातून सुटलं. ते फेब्रुवारी १९८६मध्येच न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडालं. एक खलाशी गेला, बाकी सगळे वाचले.

पुश्किनला मात्र चांगला मालक भेटला. ओरिएंट लाइन्सने ते १९९१मध्ये घेतलं, ग्रीसमध्ये दोनेक वर्षं आतून पोखरून नव्याने उभं केलं आणि 'मार्को पोलो' नाव दिलं. सुल्झर डिझेल इंजिनं तीच. कॅनडाच्या बर्फासाठी केलेला सांगाडा आता पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेण्यासाठी कामी आला. मी रोज वीस वर्षं जुन्या कोडवर नवे पडदे चढवतो, त्यामुळे या कामाबद्दल मला आदर आहे. पाया नीट घातला असेल तरच वर असे प्रयोग करता येतात. ग्रुझियाही टिकलं: ओडेसा स्काय, क्लब क्रूझ वन, व्हॅन गॉग, आणि शेवटी सायप्रसच्या लिमासोलहून ग्रीक बेटांना जाणारं 'सलामिस फिलोक्सेनिया'. फिलोक्सेनिया म्हणजे आतिथ्य.

आपल्याकडे याचं भावंड म्हणजे 'अंग्रिया'. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा सुरू झालेली ही क्रूझ मूळची जपानी 'ओगासावारा मारू', १९९७ची. टोकियोहून हजार किलोमीटरवरच्या बेटांना माणसं, भाजी, टपाल पोचवणारी. २०१६मध्ये नवी बोट आली आणि ही निवृत्त झाली. आपण तिला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं, उपाहारगृहं काढली. कोकणच्या आगबोटी बंद पडल्यानंतर किनाऱ्याला मिळालेली बोट ही अशी, विजयदुर्ग-मालवणला न थांबता पुढे जाणारी. दोन हंगाम झाले नाहीत तोच करोना आला.

त्याच करोनाने मार्को पोलोही नेलं. शेवटची कंपनी जुलै २०२०मध्ये बुडाली, ऑक्टोबरात लिलाव झाला, आणि जानेवारी २०२१मध्ये पंचावन्न वर्षांचा पुश्किन मोठ्या भरतीला अलंगच्या चिखलात चढवला गेला. भरती ओसरली की माणसं गॅस कटर घेऊन वर जातात. खुर्च्या, आरसे, गाद्या, बशा आधी उतरतात आणि रस्त्याकडेच्या खाड्यांत विकायला लागतात. पोलाद नंतर निघतं, पत्र्यापत्र्याने, आणि सळईच्या कारखान्यांकडे जातं.