विनोदकार नव्हे, खोल्या: मुंबईच्या कॉमेडी क्लबांच्या अभ्यासाआधी थोडं

मुंबईतल्या स्टँड-अप कॉमेडीचा विषय निघाला की मराठी अभ्यासक आधी पु. ल. देशपांड्यांकडे धावतो. ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग १९६१चा. एकटा माणूस आणि हसणारं नाट्यगृह, म्हणजे वंशावळ जुळलीच! मला ती जरा लवकरच जुळल्यासारखी वाटते. पुलंच्या हाती लिहून, घासूनपुसून पूर्ण केलेली संहिता होती. क्लबमधला पोरगा कच्ची पाच मिनिटं घेऊन ओपन माइकला उभा राहतो, पंच पडला नाही तर परतीच्या लोकलमध्ये वाक्य फिरवतो आणि पुढच्या स्पॉटला तोच सेट पुन्हा करून पाहतो. तो सेट अनोळखी माणसांसमोर, एका विशिष्ट खोलीत घडत जातो. म्हणून या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना माझं सुचवणं असं, की विनोदकारांची चरित्रं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि खोल्यांपासून सुरुवात करा.

पहिली मुक्कामाची खोली लोअर परळला. लंडनच्या सोहोत १९७९ साली एका स्ट्रिप क्लबच्या वर सुरू झालेल्या ‘द कॉमेडी स्टोअर’नं २०१० मध्ये पॅलेडियम मॉलमध्ये शाखा काढली. ब्रिटिश विनोदकार विमानानं यायचे आणि इथली मुलं त्यांच्या आगेमागे उभी राहायला शिकायची. पुढे तीच जागा कॅनव्हास लाफ क्लब झाली. मॉल उभा आहे तो फिनिक्स मिलच्या जमिनीवर. जवळच लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे रंगत, आणि नायगावात वाढलेले दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात ताज्या राजकारणावर पदरची वाक्यं घालत. क्लबला या परंपरेचा वारस म्हणण्याचा मोह होतो, पण गिरण्या बंद पडल्यावर तो गिरणी कामगारांचा प्रेक्षक पांगला होता आणि नव्या खोलीची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. दोन्हींमध्ये नक्की काय सांधलं गेलं आणि काय तुटलं, यावर एखादा प्रबंध सहज उभा राहील.

तमाशा आणि क्लब यांच्या मधला काळ, म्हणजे ऑर्केस्ट्रात मिमिक्री करणारे जॉनी लिव्हर आणि २००५ची टीव्हीवरची ‘लाफ्टर चॅलेंज’, यांवर बरंच बोललं गेलं आहे. त्या मानानं कायदा दुर्लक्षित राहिला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. पण जो मजकूर समोरच्या टेबलावरच्या जोडप्याला प्रश्न विचारता विचारता जन्मतो, तो आदल्या आठवड्यात कोणाला दाखवायचा?

आणि विनोद खटकला, तर शिक्षा कोणाला? एआयबी या विनोदी गटाचा ‘रोस्ट’ डिसेंबर २०१४ मध्ये वरळीत झाला. बोंब उठली ती जानेवारीत, व्हिडिओ यूट्यूबवर आल्यावर. मार्च २०२५ मध्ये खारच्या ‘हॅबिटॅट’ क्लबमध्ये चित्रित झालेला, एकनाथ शिंदेंची खिल्ली उडवणारा विनोदकार कुणाल कामराचा व्हिडिओ आला, तेव्हा शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी तोडफोड केली ती त्या खोलीची. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथकही तिथेच हातोडे घेऊन पोचलं. विनोद लाखो मोबाइलवर चालूच होता. जागा मात्र बंद ठेवण्याची घोषणा चालकांना करावी लागली. विनोद फिरता आणि खोली एका जागी उभी, त्यामुळे हात पोचतो तो खोलीपर्यंत.

साधनांबद्दल एक सावधगिरी. यूट्यूबवरचा सेट म्हणजे अनेक पडेल रात्रींनंतर निवडलेली एक चांगली रात्र, तीही संपादित. फसलेले विनोद तिथे सापडणार नाहीत. त्यासाठी व्हॉट्सॲपवर फिरलेले लाइन-अप, तिकिटांचे दर, बारची बिलं जमवा. ‘भाडिपा’ या मराठी वाहिनीनं मराठी स्टँड-अप यूट्यूबवर आणल्यापासून कोणत्या क्लबनं मराठीला कोणता वार दिला, शनिवार की मंगळवार, हे त्या लाइन-अपवरूनच कळेल. वेटरांच्या मुलाखती तर आधी घ्या. एकच सेट पुन्हा पुन्हा, तोही बिलं वाटता वाटता, त्यांच्याइतका कोणी ऐकलेला नसतो.