रसेलचे ब्लॉक किती?

डेटाबेसच्या कामाला लागलेल्या प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगावी लागते. रकाना रिकामा असणं वेगळं आणि रकान्यात शून्य असणं वेगळं. शून्य म्हणजे मोजलं, पण काही निघालं नाही. रिकामा म्हणजे कुणी मोजलंच नाही. पोरगं मान डोलावतं आणि दुपारी सरासरी काढायला बसलं की सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरून मोकळं होतं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या चाहत्यांनी खेळाडूंच्या एका अख्ख्या पिढीच्या बाबतीत नेमकं हेच केलंय, असं माझं मत आहे.

एन.बी.ए. ही लीग १९४६ सालची (तेव्हा तिचं नाव बी.ए.ए. होतं, १९४९ मध्ये एन.बी.एल. नावाची दुसरी लीग तिच्यात मिसळली आणि आजचं नाव आलं). पण 'सगळ्यात थोर कोण?' हा वाद रंगला की गाडी जॉर्डनपासून निघते आणि लेब्रॉनपाशी थांबते. फार तर मॅजिक, बर्ड, करीम, कोबी, करी. त्याआधीचं नाव काढलं की लगेच ऐकू येतं, "ते ठीक आहे हो, पण तेव्हा समोर होतं कोण?" २०२२ साली जे. जे. रेडिक या माजी खेळाडूने तर टीव्हीवरच्या चर्चेत सरळ म्हटलं, की बॉब कूझीला अडवायला समोर प्लंबर आणि आगीच्या बंबावरची माणसं असायची. (हाच रेडिक २०२४ मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाला. म्हणजे मायकन, बेलर आणि वेस्ट या जुन्या मंडळींनी मोठं केलेल्या संघाचा!)

आता जरा आकडे उघडून बघू.

बिल रसेल. बॉस्टन सेल्टिक्सचा सेंटर. १९५६-५७ ते १९६८-६९ असे १३ हंगाम खेळला, त्यात ११ वेळा विजेतेपद. शेवटच्या तीन हंगामांत तो खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता. आजचा चाहता त्याचं पान उघडतो आणि सामन्यामागे १५.१ गुण बघून म्हणतो, "बस्स, एवढेच?" पुढे २२.५ रिबाउंड (म्हणजे हुकलेला बॉल परत ताब्यात घेणं) दिसतात, ते 'तेव्हा सगळेच घ्यायचे' म्हणून सोडून देतो.

पण रसेलचा खेळ होता बचावाचा. प्रतिस्पर्ध्याने मारलेला बॉल हवेत अडवायचा, तोही प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही, तर हलकेच आपल्या गड्याकडे ढकलायचा, की तिथूनच उलटा हल्ला सुरू. यालाच ब्लॉक म्हणतात. आणि एन.बी.ए.ने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून! स्टील म्हणजे बॉल हिसकावणं, तेही तेव्हापासूनच. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन शेवटचा सामना खेळला १९७३ मध्ये. म्हणजे ज्या दोघांना बघून ब्लॉक ही कला लोकांना कळली, त्यांच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. ब्लॉकच्या सर्वकालीन यादीत अव्वल आहे हकीम ओलाजुवान, ३८३० ब्लॉक. तो थोरच होता, वादच नाही. पण 'सर्वकालीन' हा शब्द त्या यादीला शोभत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर एकनाथ सोलकर. २७ कसोटींत ५३ झेल, हे स्कोअरबुकात आहे. पण सोलकर फॉरवर्ड शॉर्टलेगला वाकून उभा आहे म्हणून जे फटके फलंदाजांनी मारलेच नाहीत, ते कुठे लिहिलेत? रसेलचं तसंच, फक्त त्याचे 'झेल'सुद्धा कुणी लिहिले नाहीत.

अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही १९६९ पर्यंत नव्हतंच. ते सुरू झालं रसेलच्या शेवटच्या मालिकेत, आणि गेलं हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टकडे. (हरलेल्या संघातल्या खेळाडूला ते मिळालं असं आजवर एकदाच घडलंय.) त्यामुळे ११ विजेतेपदं असलेल्या माणसाच्या नावावर हे बक्षीस एकदाही नाही. २००९ मध्ये त्या बक्षिसालाच रसेलचं नाव दिलं, तो भाग वेगळा.

मग त्याची किंमत कळायची कशी? एक साक्ष आहे. १९६१-६२ चा हंगाम बघा. चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण काढले. ऑस्कर रॉबर्टसनने अख्ख्या हंगामात गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हींत दोन आकडी सरासरी ठेवली (३०.८, १२.५, ११.४), ते पुन्हा कुणाला जमायला २०१७ उजाडावं लागलं. एल्गिन बेलर सैन्यातल्या राखीव दलाच्या नोकरीवर होता, सुट्टी मिळेल तसा येऊन ४८ सामने खेळला आणि तरी ३८.३ ची सरासरी. तेव्हा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू निवडायला मतं द्यायचे खुद्द खेळाडू. त्यांनी कुणाला निवडलं? रसेलला. लीगचा पहिला संघ मात्र पत्रकार निवडायचे, त्यात सेंटर होता चेंबरलेन. आकडे बघणाऱ्यांनी एकाला निवडलं आणि ज्यांना रोज त्याच्या हाताखालून बॉल मारायचा होता त्यांनी दुसऱ्याला. मला दुसऱ्यांची साक्ष जास्त वजनाची वाटते.

आता उलटी बाजू. रसेलचे आकडे नाहीत म्हणून तो लहान ठरतो आणि चेंबरलेनचे आकडे फार मोठे आहेत म्हणून तो लहान ठरतो! ५०.४ हा आकडाच लोकांना खोटा वाटतो. २ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात (चॉकलेटवालं हर्शी, तेच) त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकाच सामन्यात १०० गुण केले. प्रेक्षक ४१२४. चित्रफीत नाही. शेवटच्या भागाचं रेडिओवरचं धावतं वर्णन तेवढं शिल्लक आहे. चित्रफीत नाही म्हटल्यावर 'हे घडलंच नसेल' म्हणणारेही निघालेत.

शंका रास्त आहे, पण ती हिशेबाने फेडता येते. तेव्हा खेळ फार वेगाने चालायचा. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्यात सरासरी १०७-१०८ वेळा बॉल बास्केटकडे मारायचा, २०२३-२४ मध्ये हाच आकडा ८९ च्या आसपास होता. त्या प्रमाणात छाटला तरी चेंबरलेन ४१-४२ वर येतो. जॉर्डनचा सर्वोत्तम हंगाम ३७.१ चा आहे (१९८६-८७). रिबाउंडचं बघा. तेव्हा नेम जास्त चुकायचे (यशाचं प्रमाण ४२.६ टक्के), त्यामुळे संघाला सामन्यात ७० च्या आसपास रिबाउंड मिळायचे, आता ४४. म्हणजे चेंबरलेनचे २५.७ आज १६ होतील. ऑस्करचे १२.५ आज ८ होतील, आणि त्याची ती तिहेरी सरासरी तुटेल, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण मग असिस्टही त्याच न्यायाने मोजा ना. तेव्हा एका संघाला सामन्यात २४ असिस्ट मिळायचे, आता २७ च्या घरात. म्हणजे ऑस्करचे ११.४ वाढून १२.८ व्हायला हवेत! हा ढोबळ त्रैराशिकाचा हिशेब आहे, याहून बारीक हिशेब करणारे आहेत. मुद्दा एवढाच, की छाटणी करायची तर सगळ्या रकान्यांची करा. फक्त सोयीचे रकाने छाटायचे आणि बाकीचे तसेच सोडायचे, याला विश्लेषण म्हणत नाहीत.

तिसरी गंमत नियमांची. एखाद्याने सिस्टीममधली अशी फट शोधावी की अख्खी सिस्टीम दुरुस्त करावी लागावी, आणि दहा वर्षांनी नव्या लोकांनी म्हणावं, "यात काय विशेष? आता तर ते चालतच नाही." जॉर्ज मायकनचं असं झालं. सहा फूट दहा इंच उंच, जाड भिंगाचा चष्मा, मिनियापोलिस लेकर्सचा सेंटर. कॉलेजात असताना तो आणि बॉब कर्लंड बास्केटमध्ये पडू घातलेला बॉल वरच्या वर काढून घ्यायचे, म्हणून १९४४ मध्ये त्यावर बंदी आली. एन.बी.ए.त तो बास्केटखाली उभा राहिला की कुणाला आवरेना, म्हणून १९५१ मध्ये तिथली पट्टी सहा फुटांची बारा फूट रुंद केली. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने त्याच्यापुढे नामी युक्ती काढली. बॉल हातात धरून नुसतं उभं राहायचं! सामना संपला १९-१८. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे.

असल्या सामन्यांना तिकीट काढून कोण येणार? सिरॅक्यूजचा मालक डॅनी बियासोन याने साधा भागाकार केला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० वेळा बॉल मारतात. २८८० भागिले १२०, बरोबर २४. १९५४ पासून २४ सेकंदांत बॉल मारायची सक्ती झाली आणि संघाची सरासरी ७९.५ वरून एका हंगामात ९३.१ वर गेली. आज आपण जो खेळ बघतो तो इथे जन्माला आला. मायकन मात्र या घड्याळाच्या अलीकडे पडला, आणि त्याचे आकडे आज बारकुडे दिसतात.

आता तो प्लंबरवाला मुद्दा. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पगार बेताचे होते, उन्हाळ्यात बरेच खेळाडू दुसरी कामं करायचे. संघ आठ-नऊच होते आणि परदेशी खेळाडू जवळजवळ नव्हतेच. पण आठ-नऊ संघ याचा दुसरा अर्थ असा, की तीच ती मातब्बर माणसं पुन्हा पुन्हा समोर येणार. रसेल आणि चेंबरलेन एकमेकांविरुद्ध १४० हून जास्त वेळा खेळले. आणि १९५६ साली उंच उडीच्या जागतिक क्रमवारीत रसेल पहिल्या दहात होता! अंगात दम नव्हता म्हणणाऱ्यांनी याचं काय ते उत्तर द्यावं.

समोर कोण नव्हतं, हा प्रश्न विचारायचाच असेल तर नीट विचारावा. एन.बी.ए.त १९५० पर्यंत काळा खेळाडू नव्हता. त्या वर्षी चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉईड आले. त्याआधी काय काळी माणसं बास्केटबॉल खेळत नव्हती? बॉब डग्लसने १९२३ मध्ये हार्लेममध्ये काढलेला न्यूयॉर्क रेन्स हा सगळा काळ्या खेळाडूंचा संघ १९३२-३३ मध्ये लागोपाठ ८८ सामने जिंकला. १९३९ मध्ये शिकागोला व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा झाली, ती त्यांनीच जिंकली. १९४८ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी खुद्द मायकनच्या लेकर्सना ६१-५९ असं हरवलं. रेन्सच्या टारझन कूपरचे किंवा पॉप गेट्सचे एन.बी.ए.तले गुण किती? रकाना रिकामा. इथे तर मोजायला कुणी विसरलं नव्हतं, दारच बंद होतं.

दार उघडल्यावरही सगळं सरळ नव्हतं. १९६१ मध्ये सेल्टिक्स एका प्रदर्शनी सामन्यासाठी केंटकीतल्या लेक्सिंग्टनला गेले असताना हॉटेलातल्या कॉफी शॉपने काळ्या खेळाडूंना खायला द्यायला नकार दिला. रसेल आणि त्याचे काळे सहकारी सामना न खेळता निघून गेले. बॉस्टनला इतकी विजेतेपदं मिळवून देणाऱ्या या माणसाचं घर फोडून भिंतींवर शिव्या लिहिल्या गेल्या. १९६४ मध्ये ऑल-स्टार सामन्याआधी, बाहेर टीव्हीचे कॅमेरे तयार असताना, पेन्शनचं आश्वासन मिळेपर्यंत खेळाडू खोलीबाहेर आले नाहीत. कूझीने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली होती, त्याचं हे फळ. १९७० मध्ये ऑस्करच्या नावाने लीगवर खटला गुदरला, तो १९७६ मध्ये मिटला, आणि करार संपल्यावर संघ बदलायची वाट तिथून मोकळी झाली. आजच्या खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांचा पाया तो आहे. ऑस्करचा त्यात स्वतःला काही फायदा नव्हता, तो १९७४ मध्येच निवृत्त झाला होता.

कूझीला आहे तसा उचलून आजच्या सामन्यात सोडला तर तो भारी पडेल, असं मी म्हणत नाही. पण मग आजच्या वीराला कापडी बूट घालून, तीन गुणांची रेषा पुसून (ती आली १९७९ मध्ये), बर्फावर फळ्या टाकून केलेल्या गारठलेल्या मैदानात सोडा आणि बघा. काळाचं यंत्र दोन्हीकडे चालवावं लागतं. त्यापेक्षा सोपं माप आहे. त्याच बुटांत, त्याच नियमांत, त्याच मैदानावर बाकीच्यांच्या किती पुढे होता? या मापाने मायकन, रसेल, चेंबरलेन, ऑस्कर कुणाच्याही मागे पडत नाहीत.

रसेल ३१ जुलै २०२२ ला गेला. त्यानंतर एन.बी.ए.ने त्याचा ६ नंबर सगळ्या संघांसाठी कायमचा निवृत्त केला. असा मान त्याआधी त्या लीगमध्ये कुणालाच मिळाला नव्हता.

असो. कधी वेळ मिळाला तर आकडेवारीच्या एखाद्या साइटवर रसेलचं पान उघडा आणि ब्लॉकच्या रकान्याकडे बघा. तिथे ० लिहिलेलं नाही, जागा कोरी आहे. टेबल बनवणाऱ्याने इमान राखलंय, आता वाचणाऱ्यांनी राखायचंय.