शुक्राणूंतील प्रथिनभेद आणि पुरुष वंध्यत्व

प्रजननक्षम आणि वंध्यत्व असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये प्रथिनांचे प्रमाण, रचना किंवा रासायनिक अवस्था यांत आढळणाऱ्या फरकास शुक्राणूंतील प्रथिनभेद म्हणतात. मूल न होण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीच्याच माथी मारला गेला. ‘वांझ’ हा शब्दही तिच्यासाठीच राखून ठेवलेला. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते.

नेहमीच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल या संदर्भमूल्यांच्या खालच्या मर्यादा आहेत. तथापि अहवाल चांगला असूनही गर्भधारणा न होणारी जोडपी असतात. परिपक्व शुक्राणू नवी प्रथिने जवळजवळ बनवीत नाही. वृषण आणि अधिवृषणात मिळालेल्या शिदोरीवरच त्याचा स्त्रीबीजापर्यंतचा प्रवास होतो. ती शिदोरी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

शुक्राणूच्या डोक्यातील डीएनए प्रोटामिन १ व २ या प्रथिनांभोवती घट्ट आवळलेला असतो. त्यांचे परस्परप्रमाण सामान्यतः सारखे असते. काही वंध्य पुरुषांत ते बिघडलेले आढळते. स्त्रीबीजाला चिकटण्यासाठी ‘इझुमो’ हे प्रथिन लागते. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये त्याला विवाहदेवतेच्या मंदिरावरून हे समर्पक नाव दिले.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत झाले. शेपटीतील प्रथिनांना फॉस्फेट जोडले गेले की शुक्राणू हलू लागतो. संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मंद हालचालीच्या शुक्राणूंतील अशी फॉस्फेटयुक्त प्रथिने तपासली. ऊर्जानिर्मिती, पेशीचा सांगाडा आणि शेपटीचे तंतुमय आवरण यांच्याशी संबंधित प्रथिनांत, तसेच उष्माघात प्रथिनांत बदल आढळले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच शुक्राणूंच्या तंतुकणिका व आवरणही सदोष दिसले.

वीर्यात शुक्राणूच नसल्यास मार्गात अडथळा आहे की निर्मितीच होत नाही, हे ठरवण्यासाठी वृषणाचा तुकडा काढावा लागू शकतो. वीर्यद्रवातील ‘टेक्स१०१’ आणि ‘ईसीएम१’ ही प्रथिने हा भेद दाखवू शकतात, असे कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले.

प्रथिनांच्या अशा सर्वंकष तपासणीस मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि तो मुख्यतः संशोधन संस्थांत असतो. म्हणून वाशिम जिल्ह्यातील जोडप्यासाठीही पहिली पायरी साधी वीर्यतपासणीच होय. ती २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर करतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागत असल्याने मोठ्या तापाचा परिणाम पुढेही टिकतो. अशा वेळी सदोष अहवाल आल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते.