डोईवरचे आणि डोईतले

इतिहासाच्या पुस्तकांत राजांच्या डोक्यावर काय होते ते सविस्तर दिलेले असते. मुकुट, शिरपेच, जिरेटोप, तुरा. डोक्यात काय होते याबद्दल मात्र इतिहासकार शहाण्यासारखे गप्प बसतात. वास्तविक डोक्यावरचे शे-दोनशे वर्षांत जाते, डोक्यातले टिकते. ब्राझीलमध्ये उत्खननात माणसाच्या केसाला चिकटलेली लीख सापडली, ती सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीची. इतक्या जुन्या घराण्याचा दाखला आमच्या ठाणे जिल्ह्यात कोणाकडे असेल असे वाटत नाही.

हा विषय निघायला कारण झाली ती मुलींच्या शाळेतली चिठ्ठी. वर्गात उवा आढळल्या आहेत, पालकांनी लक्ष द्यावे. माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत ही चिठ्ठी घरोघर आली आणि प्रत्येक घराने ती आपल्याकडे आलीच नाही असे दाखवले. दुसऱ्या दिवशी जिन्यात निकाल लागला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी आईबरोबर येते आणि गच्चीवर आमच्या मुलींशी पत्ते कुटत बसते. "तिच्याकडूनच येणार भावजी, दुसरं कुठून येणार?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्या पोरीला गच्ची बंद झाली. उवांना काही बंद झाले नाही.

आता व्हाउचर नसताना दुसऱ्याच्या खात्यावर रक्कम नावे टाकणे आमच्या बँकेत चालत नाही. म्हणून मी जुनी खाती काढून बसलो.

अशीच चिठ्ठी जर्मनीतल्या लाइप्झिगला मार्क स्टोनकिंग या शास्त्रज्ञाच्या मुलाने शाळेतून आणली होती. त्या गृहस्थाने कोणाला गच्चीबंदी केली नाही. माणसाच्या अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ ही डोक्यातल्या उवेपासून फुटलेली शाखा. ही वाटणी कधी झाली ते काढले, की माणूस कपडे कधी घालू लागला त्याचा अंदाज येतो. 2003 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा काळ सुमारे 70 हजार वर्षांपूर्वीचा ठरवला. 2011 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तो 1 लाख 70 हजारांवर नेला. फरक फक्त लाख वर्षांचा. आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर शेवटची लोकल चुकते.

पण वहिनींच्या मुद्द्याला खरे उत्तर मिळाले ते इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन नगरीत. तिथे 2016 साली एक फणी सापडली, सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. एका बाजूला 6 जाड दात, दुसऱ्या बाजूला 14 बारीक. तिच्यावर 17 अक्षरे कोरलेली आहेत हे पुढे ध्यानात आले आणि 2022 साली त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. मतलब असा, की केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या दाताने निपटून निघोत. कनानी अक्षरांत लिहिलेले, आजवर सापडलेले हे पहिले पूर्ण वाक्य! माणसाच्या हाती अक्षरे आली तेव्हा त्याने प्रेमपत्र खरडले नाही, कर्जाचा अर्जही केला नाही, आधी उवांचा बंदोबस्त मागितला. आणि फणी कशाची? हस्तिदंताची. त्या मुलखात तेव्हा हत्ती नव्हते, म्हणजे माल बाहेरून आणलेला. इतकी महागाची फणी धुणीभांडी करणाऱ्याच्या घरची नसणार. वहिनी म्हणाल्या, "तिकडचं पाणीच वेगळं."

तेव्हा इकडचे पाणी तपासणे आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीचे कोष्टक आहे. 8 लिक्षांची 1 यूका, 8 यूकांचा 1 यव, 8 यवांचे 1 अंगुळ. लिक्षा म्हणजे लीख, यूका म्हणजे ऊ. म्हणजे 512 लिखा एका ओळीत शिस्तीने उभ्या केल्या की एक अंगुळ भरते. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर कौटिल्याची ऊ मिलिमीटरच्या तीन-दशांशाची भरते, आणि खरी ऊ असते दोन-तीन मिलिमीटरची. एक तर त्या काळी उवांची उपासमार होती, किंवा मोजणाऱ्या कारकुनाने बसल्या जागेवरून आकडे भरले. मला दुसरी शक्यता जवळची वाटते. मनुस्मृतीत तर लिक्षा हे सोने-चांदी तोलायच्या कोष्टकातले वजन आहे. माप म्हणून जी वस्तू घ्यायची ती घरोघर ओळखीची हवी. सोने तोलणाऱ्यांना लीख परकी नव्हती, एवढे यावरून दिसते.

हेही वहिनींना पटले नाही. मग मी पंढरपूर गाठले. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या. लहानपणी दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवांच्या घरचे दळणकांडण करत तिथेच राहिल्या. नामदेवांचा काळ 1270 ते 1350. विठ्ठल जनीला दळू लागतो, शेण्या वेचू लागतो, हे आपल्याला पाठ असते. त्यांच्या एका अभंगात तो तिचा बुचडा सोडून डोक्यातल्या उवाही काढतो, हे मात्र आपण जरा घाईत म्हणून टाकतो. तिथे त्याला विठाबाई म्हटले आहे. काम आईचे, म्हणून नावही आईचे. दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला कोणी तरी पाठीमागे बसून निवांत डोके बघावे, एवढेच हवे होते. वहिनी भजनी मंडळात आहेत, दर एकादशीला जनाबाई म्हणतात. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण रविवारी गच्चीवर उन्हात जुनी चादर पडली, आमच्या आईने फणी घेतली आणि सात पोरी ओळीने बसल्या. बाईंची मुलगी तिसरी होती. तिच्या डोक्यात चार निघाल्या. दुसऱ्या मजल्याची मोजणी आईने विसावर थांबवली.

चादर, ऊन आणि फणी यांना पर्याय शोधायचे प्रयत्न पुष्कळ झाले. डीडीटीने किडे मरतात हे पाउल म्युलर यांनी 1939 साली शोधले. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीत नेपल्सला टायफसची साथ आली, तेव्हा लाखो माणसांच्या कपड्यांत ही पूड फवारून कपड्यांतल्या उवा मारल्या. म्युलरना 1948 साली नोबेल मिळाले. दोन-तीन वर्षांत कोरियातल्या युद्धात, त्याच पुडीत आरामात हिंडणाऱ्या उवा सापडल्या. त्यानंतरच्या औषधांचेही पुष्कळ ठिकाणी असेच झाले. घरगुती उपायांत सीताफळाच्या बियांची पूड जुनी, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. रॉकेल लावून स्वयंपाकघरात जाणाऱ्या पोरींबद्दल न बोललेले बरे.

ऊ उडत नाही, उड्या मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत पलीकडे जाते, आणि धुतलेले डोके तिला तितकेच चालते. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून एकदा विंचरून भागत नाही, दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे तरी तेल लावून बसावे लागते. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात आणि लीख मुळाशीच चिकटवलेली असते. तेव्हा मुळापासून सेंटिमीटरभर लांब दिसणारी लीख महिन्यापूर्वीची, म्हणजे खाते बंद झालेले. त्यावरून पोरीला घरी बसवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही मत असेच आहे, की उवांपायी मुलांची शाळा बुडवू नये.

फणी ठाणे स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवर मिळते. दोन्ही बाजूंना दात, नमुना लाखीशचाच, फक्त हस्तिदंताच्या जागी प्लास्टिक. मजकूर कोरून देतात का म्हणून विचारले, तर गाडीवाला म्हणाला, "घ्यायची तर घ्या साहेब, मागे गिऱ्हाईक आहे."